नववीचा इतिहास नकोसा का होतो? कोकणातल्या एका वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण चिपळूणच्या बाजूच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतलं आहे. कोविडनंतर शाळा पुन्हा रुळावर आल्या, त्यानंतरचं वर्ष. शाळेचं, गावाचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि कुणी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्या शाळेत मराठी शिकवायचो. इतिहासाच्या मॅडमचा नववीचा तास माझ्या मोकळ्या तासाला असायचा, त्यामुळे बरंचसं मागच्या बाकावर बसून पाहिलं. बाकीचं मॅडमच्या टाचणवहीतून आणि स्टाफरूममधल्या बोलण्यातून कळलं. हे लिहायला त्यांची परवानगी आहे.

वर्गात चाळीसच्या आसपास मुलं. कुणबीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, बाजारपेठ आणि डोंगराकडची कातकरीवाडी, अशी सगळीकडून येणारी. बहुतेकांच्या घरातलं कुणीतरी मुंबईत किंवा मुंबईहून परत आलेलं. मोहल्ल्यातल्या घरांतून बोटीवर नाहीतर आखातात गेलेली माणसं. ही मुलं मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमान्यांची गर्दी बघतच मोठी झालेली असतात.

राज्य मंडळाच्या इतिहासाचा क्रम वाचकांना माहीत असेलच. चौथीत शिवछत्रपती, सहावीत प्राचीन भारत, सातवीत पुन्हा शिवकाळ आणि पुढे मराठ्यांची सत्ता, आठवीत ब्रिटिशांपासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत. नववीत गाडी एकदम 1960 नंतरच्या भारतात शिरते. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या धड्यापर्यंत युद्धं, पंतप्रधान, अंतर्गत आव्हानं असतात, तोवर वर्ग तग धरतो. चौथा धडा ‘आर्थिक विकास’. मिश्र अर्थव्यवस्था, पंचवार्षिक योजना, बँकांचं राष्ट्रीयीकरण, वीस कलमी कार्यक्रम, गिरणी कामगारांचा संप आणि 1991 चं नवं आर्थिक धोरण, एवढं सगळं एकाच धड्यात कोंबलेलं.

अडचण

पहिल्या घटक चाचणीत चौथ्या धड्यावरचे प्रश्न निम्म्या वर्गाने सोडून दिले होते. ज्यांनी लिहिलं त्यांनी गाईडमधलं उत्तर स्वल्पविरामासकट उतरवलं होतं. एका मुलाने 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण 1991 सालात नेऊन ठेवलं होतं. ते 1969 च्या जुलैमधलं, म्हणजे बरोबर उलट्या दिशेचं पाऊल. सन चुकला याचं मॅडमना फारसं वाटलं नाही. बँका सरकारने ताब्यात घेणं आणि बाजार मोकळा करणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे त्या मुलाला जाणवलंच नव्हतं. त्याच्यासाठी दोन्ही नुसत्या ‘टीपा लिहा’ होत्या.

मुख्याध्यापकांचं म्हणणं वेगळं होतं आणि अगदीच चुकीचं नव्हतं. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राची लेखी परीक्षा 40 गुणांची, भूगोलाची तेवढ्याच गुणांची, बाकी अंतर्गत. इंग्रजी आणि गणितात नापास होणारी मुलं हातात असताना इतिहासाच्या आवडीनिवडीवर वेळ घालवायचा का, असा त्यांचा सवाल. “संकल्पनाचित्रं घोटून घ्या, जोड्या करून घ्या, मार्क मिळतात,” असं त्यांनी मॅडमना सांगितलं. मार्क मिळतातही.

चिठ्ठ्यांतून काय दिसलं

मॅडमनी वर्गाला बिननावाच्या चिठ्ठ्या लिहायला लावल्या. चौथीपासून आजपर्यंत शिकलेला सगळ्यात आवडता धडा, सगळ्यात नावडता धडा आणि प्रत्येकापुढे कारणाची एक ओळ.

आवडत्यात शिवाजी महाराज सगळ्यांच्या खूप पुढे, हे सांगायलाच नको. प्रतापगड, आग्र्याहून सुटका, लाल महाल. मागोमाग भगतसिंग आणि 1857. झाशीची राणी आणि ताराबाई यांची नावं मुख्यतः मुलींच्या अक्षरात. कुणी हडप्पा लिहिलं होतं, कारण ‘तिथली गटारं आपल्यापेक्षा चांगली होती’. नावडत्यात पंचवार्षिक योजना पहिली आणि ‘इतिहासाची साधने’ दुसरी. हा साधनांचा धडा जवळजवळ दरवर्षी पुस्तकाच्या सुरुवातीला भेटतो, तेव्हा राग साचला असेल तर नवल नाही. (दहावीला गेल्यावर पहिल्याच धड्यात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके आणि फुको हे पाश्चात्त्य विचारवंत भेटणार आहेत, हे मॅडमनी तेव्हा सांगितलं नाही. बरं केलं.)

स्टाफरूममध्ये या चिठ्ठ्यांवरून अपेक्षित तेच बोलणं झालं: मुलांना लढाया आवडतात, आकडेवारी आवडत नाही, त्यात नवीन काय? इथे विषय संपला असता. पण मॅडमनी दुसऱ्या दिवशी एक जोडप्रश्न विचारला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा निर्णय तो होता. ‘महाराजांचे धडे आवडतात’ म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं: सातवीच्या पुस्तकात ‘स्वराज्याचा कारभार’ हाही महाराजांचाच धडा आहे, तो आवडतो का?

वर्गात हशा पिकला. तो कुणालाच आवडत नव्हता. अष्टप्रधान मंडळाचा तक्ता, कोणाकडे कोणतं खातं, जमीन महसूल, गडावरचे अधिकारी. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तो पण पंचवार्षिक योजनेसारखाच आहे.”

तिने सहज म्हटलेल्या या वाक्याने प्रश्नाची मांडणी बदलली. आवडनिवड एका धड्याला आणि दुसऱ्याला लागू नव्हती, ती एकाच धड्याच्या मधून जात होती. जिथे कुणीतरी पेचात सापडलेलं आहे, पुढे काय होईल हे त्याला माहीत नाही आणि तरी त्याला काहीतरी ठरवायचं आहे, तिथवर मुलं सोबत होती. आग्र्यात तसा पेच आहे. तक्ता आला की ठरवणारं माणूस नाहीसं होतं, फक्त ठरलेलं उरतं. महाराजांच्या नावाने सुद्धा मग मुलं थांबत नाहीत.

याची दुसरी बाजू मॅडमना जास्त टोचली. आवडतं म्हणून येतं असंही नव्हतं. अफजलखान वधाचं वर्णन दहा मुलांनी रंगवून सांगितलं. पण त्या वेळी आदिलशाहीला ही मोहीम काढावीशी का वाटली, हे दोघांना सांगता आलं. म्हणजे आवडत्या धड्याचंही शिकवणं बाकी होतं.

पर्याय

मॅडमपुढे चार वाटा होत्या.

मुख्याध्यापकांची वाट सरळ होती. धडा घोटून घ्यायचा आणि पुढे जायचं. वेळ वाचतो, गुण पडतात. ज्यांना घोटता येत नाही ती मुलं मात्र तिथेच राहतात, आणि चाचणीत कोरी जागा सोडणारी नेमकी तीच होती.

दुसरी वाट स्मार्ट टीव्हीवर व्हिडिओ दाखवण्याची. शाळेत टीव्ही होता, वीज असली तर चालायचा. मॅडमनी योजनांवरचे काही व्हिडिओ पाहिले. तोच तक्ता, फक्त हलणारा, मागे संगीत. तो पर्याय तिथेच संपला.

तिसरी, नाटुकलं. नियोजन आयोगाची बैठक मुलांनी करायची. मुलं नाटकाला एका पायावर तयार असतात, पण बैठकीत बोलायचं काय हे त्यांना माहीत नसेल तर सगळा वेळ टोप्या आणि चष्मे जमवण्यात जातो. मॅडमना याचा आधीच्या शाळेत अनुभव होता.

चौथी वाट म्हणजे धड्याचा एकच तुकडा निवडायचा, तिथे रेंगाळायचं आणि बाकीचा धडा भराभर उरकायचा. यात पोर्शन मागे पडण्याचा धोका उघड होता. शिवाय कोणता तुकडा, हाही प्रश्न होताच. कोयना हा पहिला उमेदवार. 1950 च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं, सातारा जिल्ह्यातलं पाणी सह्याद्रीखालच्या बोगद्यांतून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला येतं, तिथे वीज करून वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. नियोजन म्हणजे काय हे दाखवायला याहून जवळचं उदाहरण या मुलांना मिळणार नाही. दुसरा उमेदवार दाभोळचा वीजप्रकल्प, 1991 नंतरच्या धोरणाची गुहागर तालुक्यातली कहाणी: 1995 मध्ये युती सरकारने रद्द केलेला, 1996 मध्ये पुन्हा सुरू झालेला, 2001 मध्ये बंद पडलेला. तिसरा गिरणी संप, पुस्तकात जेमतेम एका परिच्छेदाचा.

मॅडमनी संप निवडला. कारण साधं होतं: कोयना सगळ्यांना दिसतं, पण ते बांधायचं ठरवणारी माणसं गावात नाहीत. संपावर जायचं की नाही हे ठरवणारी माणसं मात्र गावात ओट्यावर बसलेली होती.

काय केलं

आधी मॅडमनी दोन तासांत चौकट उभी केली. मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी काढली, तिथपासून. 1982 च्या 18 जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, नेते डॉ. दत्ता सामंत. मागण्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या, आणि एक मागणी मुलांना आधी कळलीच नाही: 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. या कायद्यामुळे गिरणी उद्योगात एकच संघटना मान्यताप्राप्त, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार कुणाच्याही मागे गेले तरी मालकांनी वाटाघाटी करायच्या त्या या संघाशीच. मॅडमनी विचारलं, वर्गाने मॉनिटर म्हणून एकाला निवडलं आणि मी म्हटलं की मी बोलणार ते दुसऱ्याशीच, तर? हे मात्र झटकन कळलं.

मग मुलांना घरी पाठवलं. घरातलं किंवा शेजारचं कुणी गिरणीत होतं का, कोणतं काम, संपात काय केलं, गावी कधी आले. वहीत बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरवायचं, शुद्धलेखन बघायचं नाही. (मराठीचा शिक्षक म्हणून मी यावर तोंड वाकडं केलं. वह्या आल्यावर सरळ केलं.)

वह्यांमधून भोंगा आला, तीन पाळ्या आल्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले आले, खानावळीचं थकलेलं बिल आलं. बदली कामगार म्हणजे काय, हे पुस्तकात नाही. एका आजोबांनी नातवाला सांगितलं की रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर परत खोलीवर. मोहल्ल्यातल्या मुलांकडे गिरणी नव्हती, पण आखातातून बँकेत येणारे ड्राफ्ट होते. साल ताडून पाहिलं तर गिरण्या बसल्या आणि आखाताची वाट रुळली, हे दोन्ही एकाच काळातलं. पुस्तकात हे दोन दुवे जोडलेले नाहीत. वर्गात ते जोडले गेले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका डब्यापाशी. एका मुलीच्या आजीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मनीऑर्डरची कुपनं जपून ठेवली होती. पोस्टमन पैसे देताना फॉर्मचा जो तुकडा फाडून घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा, तो. त्यावर रक्कम, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि निरोपाला दोन ओळींची जागा. आजी स्वतः डबा घेऊन वर्गात आल्या. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि “आजी, तुम्ही सांगा, मुलं विचारतील” एवढंच म्हणून बाजूला झाल्या.

मुलांनी पोस्टाच्या शिक्क्यांवरून कुपनं सालवार लावली. काही शिक्के पुसट, त्यावर वाद. 1981 ची रांग सरळ होती, दर महिन्याला जवळपास तीच रक्कम. 1982 च्या जानेवारीनंतर खंड. मग दोन-तीन कुपनं, रक्कम निम्म्याहून कमी आणि अक्षर वेगळं. त्यानंतर काहीच नाही. अक्षर वेगळं का, हा प्रश्न एका मुलाने विचारला. आजी म्हणाल्या, ते पैसे दिराने पाठवले होते, तो गोदीत होता. आणि पुढची कुपनं कुठे? आजोबा गणपतीला आले ते परत गेलेच नाहीत, मग मनीऑर्डर कोण कुणाला पाठवणार?

निरोपांच्या ओळी वाचताना एक गोष्ट मुलांनी हेरली. 1982 च्या एकाही कुपनावर संप हा शब्द नव्हता. प्रकृती, भाताची लावणी, मुलाची शाळेची फी, बस. आजींनी सांगितलं, घरी काळजी नको म्हणून लिहीत नसत. त्यांना संपाचं कळलं ते शेजारच्या घरातला माणूस महिनाअखेरीला गावी आला तेव्हा. लिखित साधनात जे नाही ते मौखिक साधनातून मिळालं, असं मॅडम म्हणाल्या आणि वर्गात कुणीतरी पुटपुटलं, “म्हणजे पहिला धडा.” नावडत्यात दुसरा आलेला धडा असा मागच्या दाराने आत आला. मॅडमनी त्यावर भाष्य केलं नाही, फळ्यावर फक्त धड्याचा क्रमांक लिहिला.

दोन अडचणीचे निर्णय

कातकरीवाडीतली मुलं वह्या न लिहिता आली. त्यांच्या वाडीतून मुंबईच्या गिरणीत कुणी गेलंच नव्हतं. गिरणीत शिरायला गाववाला, ओळख, राहायला खोली लागायची. ते जाळं त्यांच्या वाट्याला आलेलं नव्हतं. या मुलांना दुसऱ्याच्या आजोबांची मुलाखत घ्यायला पाठवणं सोपं होतं. मॅडमनी तसं केलं नाही. त्यांना वेगळा प्रश्न दिला: तुमच्या वाडीत वीज कोणत्या साली आली, ते घरी विचारा. उत्तर आलं तेव्हा फळ्यावर एका बाजूला पोफळीत वीज तयार होऊ लागल्याचा काळ, 1960 च्या दशकाची सुरुवात, आणि दुसऱ्या बाजूला वाडीतला पहिला दिवा. मधे कित्येक पंचवार्षिक योजना. अख्ख्या धड्यात योजनांचा तक्ता मुलांनी आपणहून उघडून बघितला तो याच वेळी, मधे किती योजना बसतात ते मोजायला. एक आजी दिव्याचं सोडून 1967 च्या डिसेंबरमधल्या भूकंपाबद्दलच बोलल्या, तेही वहीत आलं.

दुसरा प्रसंग जास्त नाजूक. एका मुलाने वाचून दाखवलं की आजोबा शेवटपर्यंत संपात राहिले, डॉक्टरांशिवाय, म्हणजे दत्ता सामंतांशिवाय, कुणाला मानत नव्हते. पाठोपाठ दुसऱ्याने वाचलं की त्याचे आजोबा काही महिन्यांनी मान्यताप्राप्त संघाच्या लोकांबरोबर पुन्हा कामावर गेले. पहिला बाकावरून ओरडला, “फितूर!” हा शब्द त्याला घरातूनच मिळाला होता. दोन्ही घरं एकाच वाडीतली. चाळीस वर्षांपूर्वीचा अबोला, पुढे कधीतरी मिटलेला, तासाभरात परत वर आला.

तास तिथे थांबवता आला असता. मॅडमनी दोघांना वह्या अदलाबदल करायला सांगितल्या आणि प्रत्येकाने समोरच्याच्या आजोबांची कारणं फळ्यावर लिहायची, असं सांगितलं. दुसऱ्याच्या वहीत कारण होतं: घरात आजारी माणूस, सावकाराचं कर्ज, आणि संप मिटेल अशी चिन्हं नाहीत. पहिल्याच्या वहीत: बदली म्हणून काढलेली वर्षं, आता परत गेलो तर जन्मभर बदलीच. दोन्ही यादी शेजारी-शेजारी आल्यावर वर्ग गप्प झाला. मग मॅडमनी पुढचं सांगितलं. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. 1983 मध्ये सरकारने मुंबईतल्या 13 गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, पण असंख्य कामगारांना काम परत मिळालं नाही.

दोन दिवसांनी एक पालक शाळेत आले. घरातली भांडणं शाळेत कशाला उकरता, असा त्यांचा सूर होता, आणि त्यांच्या जागी कुणीही असतं तर तेच बोललं असतं. मुख्याध्यापकांनी मॅडमची बाजू घेतली, हे मला अनपेक्षित होतं. पण त्याच बैठकीत नियमही घालून दिला: इथून पुढे वर्गात वाचताना नाव आणि नातं सांगायचं नाही, ‘एक कामगार’ एवढंच. वह्या मॅडमकडे जमा राहतील.

निष्पत्ती

सहामाहीत संपावरचा प्रश्न जवळजवळ सगळ्यांनी सोडवला आणि उत्तरं एकमेकांसारखी नव्हती. कोऱ्या जागा सोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी लिहिलं. बदली कामगार, मान्यताप्राप्त संघटना, खानावळवाल्या बायका हे शब्द जागच्या जागी आले. दोन-तीन मुलांनी मात्र कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरात संप घुसवला. वीस कलमी कार्यक्रमाच्या टीपेतसुद्धा. पंचवार्षिक योजनांवरच्या जोड्यांत फारसा फरक पडला नाही. तिथे घोटणारे आधीही पुढे होते, नंतरही पुढेच राहिले.

वर्षाच्या शेवटी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. आवडत्यात महाराज पहिलेच, पण गिरणी संप तिसऱ्या जागी आला होता, भगतसिंगांच्या खालोखाल. नावडत्यात पंचवार्षिक योजना जागची हलली नाही. एकाने लिहिलं होतं, ‘आर्थिक विकास धडा आवडतो पण तक्ता नाही.’ याहून नेमकं निदान स्टाफरूममध्ये कुणी केलेलं नव्हतं.

किंमतही मोजावी लागली. पोर्शन मागे पडला आणि शेवटचे धडे, ‘उद्योग व व्यापार’ आणि ‘बदलते जीवन’, मार्चमध्ये अक्षरशः वाचून संपवले. ‘बदलते जीवन’ हा खरं तर या मुलांसाठी सोपा आणि रसाळ धडा. 1998 मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाल्यावर गावात काय बदललं, हा प्रश्न तिथे विचारता आला असता. तो राहिला.

त्याच वर्षी मॅडमनी सातवीत ‘स्वराज्याचा कारभार’ वेगळ्या पद्धतीने घेतला, तक्त्याच्या आधी एक पत्र वाचून. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र. साठवलेला दाणागवत आत्ताच उधळाल तर पावसाळ्यात मिळणार नाही, मग रयतेच्या घरात शिराल. रात्री दिवे जळते ठेवाल, उंदीर वात पळवेल आणि गवताच्या गंजी पेटतील. लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. आपल्या तालुक्याचं नाव ऐकताच सातवी सरसावून बसली आणि उंदरावर तर पंधरा मिनिटं चर्चा झाली. गवत जळालं तर घोडे काय खातील, तेव्हा पुढच्या मोहिमेचं काय, रयत उलटली तर खबर कोण देणार. कारभारात पेच असतो, हे पत्रातून कळलं. अष्टप्रधानांची नावं मात्र त्यानंतरही पाठच करावी लागली. त्याला उपाय सापडलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

घरच्यांची संमती आधी घ्यायला हवी होती. मुलांनी आजोबांना विचारलं, आजोबांनी सांगितलं, पण हे चाळीस मुलांसमोर वाचलं जाणार आहे याची कल्पना त्यांना नव्हती. एक साधी चिठ्ठी घरी गेली असती तर काहींनी सांगितलंच नसतं आणि काहींनी जास्त सांगितलं असतं. नाव न घेण्याचा नियम तक्रारीनंतर आला. तो पहिल्या दिवशी असता तर ‘फितूर’ हा शब्द समोरासमोर फेकला गेला नसता. मॅडमचं मत इथे माझ्याहून वेगळं आहे. त्यांच्या मते नाव काढलं असतं तर कारणांच्या त्या दोन याद्या शेजारी आल्याच नसत्या. मला ते पटत नाही. अनामिक वह्यांचीही अदलाबदल करता येते.

मालकांची बाजू वर्गात आलीच नाही. गावात गिरणीमालक भेटणार नव्हते हे खरं, पण जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, परळ-लालबागच्या जमिनीची किंमत, हे मॅडमना सांगता आलं असतं. त्याशिवाय गिरण्या का बंद पडल्या याचं उत्तर मुलांनी ‘संपामुळे’ असं एका शब्दात दिलं, आणि संपावर इतके तास दिल्यावर तेवढ्याच उत्तरावर थांबणं खटकतं.

कातकरीवाडीचा प्रश्न ओघात सुचलेला होता आणि तोच तक्त्यापर्यंत पोचला. कोयनेचा तुकडा आधी आणि संप नंतर घेतला असता तर योजनांना कदाचित जास्त न्याय मिळाला असता, आणि त्या मुलांना पहिल्या दिवशी रिकाम्या वह्या घेऊन यावं लागलं नसतं. पुढच्या वर्षी मॅडमनी हाच क्रम ठेवला: आधी कोयना, मग संप.

दाभोळचं अजून ठरलेलं नाही. 1991 च्या धोरणासाठी तोच तुकडा जवळचा आहे, पण तिथे जमिनी गेलेली, कंत्राटं मिळालेली आणि आंदोलनात पकडली गेलेली माणसं शेजारच्याच तालुक्यात आहेत आणि त्यातले काही जण पालकसभेला येतात. मुख्याध्यापकांचं मत सध्या तरी ‘नको’ असं आहे. मॅडमनी जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं जमवायला सुरुवात केली आहे. आधी ती वापरायची, माणसं बोलवायची की नाही ते दिवाळीनंतर बघायचं, असं तूर्त ठरलं आहे.